इस्लमूची मधली गुंडाळी

वाळवंटाकाठच्या नुआकशोत शहरातल्या मोबाइल बाजारात, शेंगदाणे भाजणाऱ्या बायांच्या ओळीमागे, इस्लमूचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, एक पंखा आणि पंख्यापुढे बसलेला इस्लमू. पंखा त्याने स्वतः रिवाइंड केलेला आहे. कुणी नवीन गिऱ्हाईक आलं की इस्लमू आधी पंख्याकडे बोट दाखवतो. "अकरा वर्षं झाली. एकदा तरी कुरकुरला का, विचार त्याला." गिऱ्हाइकाने पंख्याला विचारावं अशी त्याची खरोखरच अपेक्षा असते.

जिथे तांब्याची तार गोल फिरते ते सगळं इस्लमूचं. पाण्याचा पंप, स्टॅबिलायझर, जुना रेडिओ, आणि गेली काही वर्षं गिटारची पिकअप. तारांखाली बसवलेला तो बोटभर लांबीचा तुकडा, लोहचुंबकाच्या सहा कांड्या आणि भोवती केसापेक्षा बारीक तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की हा तुकडा ते थरथरणं उचलतो आणि भोंग्याकडे धाडतो. आमच्या हवेत समुद्राचं मीठ आणि वाळवंटाची धूळ दोन्ही असल्यामुळे ती बारीक तार चार-पाच वर्षांत आतल्या आत कुजते आणि गिटार मुकं होतं. म्हणून इस्लमूची चूल पेटते.

त्याचं घराणं माल्लमांचं, म्हणजे कारागिरांचं. आजोबा अली उंट-घोड्यांची खोगिरं घडवायचे, वडील ट्रांझिस्टर उघडून बसायचे. माल्लम हा शब्द आमच्याकडे चहाचा पेला पुढे करताना फार गोड उच्चारतात, आणि माल्लमचा मुलगा मुलगी मागायला आला की तोच शब्द निराळ्या सुरात ऐकू येतो. आणि भाट? भाट घराणी लग्नात नावं गातात ती लढवय्यांची, विद्वानांची, ज्यांच्या दारी शंभर उंट होते त्यांची. खोगिराचं वर्णन गाण्यात येतं, खोगिरावर बसलेल्याचं नाव येतं. खोगीर केलं कुणी, हे आजवर कुठल्या भाटाला सुचलेलं नाही. इस्लमूला याचा राग होता, पण तो कधी बोलून दाखवायचा नाही. पंख्याकडे बघत बसायचा.

एका शनिवारी सकाळी मिन्नातू स्वतः बाजारात आली. मिन्नातू म्हणजे भाटांतली पहिल्या रांगेतली गायिका. साठी उलटलेली, अंगाने भरदार. तिने चांगलं नाव घेतलं की माणसाच्या अंगावर मूठभर मांस चढायचं, आणि वाईट घेतलं की त्याने गाव सोडायचं. मागे तिचा मुलगा जेद्दू गिटार घेऊन उभा होता. बापाकडचं तिदिनीत हे जुनं तंतुवाद्य सोडून त्याने गिटार धरलं होतं, त्यात आपल्या सुरांसाठी मधले जादा पडदेही बसवून घेतले होते.

"माल्लम, हे मेलं," मिन्नातू म्हणाली. "गुरुवारी लग्न आहे. तीनही पिकअप गेल्या."

"जाऊ देत ना, आई," जेद्दू म्हणाला. "मामेभावाने समुद्रापलीकडून, लास पाल्मासहून नवा संच पाठवलाय. डब्यातून काढायचा, लावायचा. याच्याकडे कशाला आलो आपण?"

"त्याने दुहेरी गुंडाळीच्या पाठवल्यात का एकेरी?"

"एकेरी. तूच म्हणाली होतीस ना."

"म्हणाले होते, कारण दुहेरी ऐकलीय मी. गुंजत नाही, खरखरत नाही, सगळं खरं. पण दोन पडद्यांमधला माझा सूर तिच्यात शिरा होऊन जातो. एकेरीच हवी." मग ती इस्लमूकडे वळली. "तू जुन्या भर. तो नव्या लावेल. मी दोन्ही ऐकीन. पाचही घरं जिला पेलतील ती लग्नात वाजेल."

पाच घरं म्हणजे आमच्या गाण्याचे पाच टप्पे. आधी कर्र, तो आनंदाचा आणि देवाच्या नावाचा. मग फागू, मर्दुमकीचा. मग काळं घर, मग पांढरं, ही दोन प्रेमाची. शेवटी लेब्तैत, जिथे म्हातारपण येतं, उजाड पडलेले मुक्काम आठवतात आणि शहाणी माणसंही पदराने डोळे पुसतात. क्रम हाच. फागूत गेलेला माणूस कर्रमध्ये परत येत नाही आणि लेब्तैतनंतर कुणी काहीच वाजवत नाही. गिटार उचलून ठेवायचं आणि घरी जायचं.

इस्लमूने गिटार हातात घेतलं आणि खटका चाचपला. त्या खटक्याला पाच खाचा होत्या. पहिल्या खाचेत घोडीजवळची पिकअप एकटी, दुसरीत घोडीजवळची आणि मधली मिळून, तिसरीत मधली एकटी, चौथीत मधली आणि गळ्याजवळची, पाचवीत गळ्याजवळची एकटी. पाच खाचा आणि पाच घरं. गिटार बनवणाऱ्यांच्या हे ध्यानीमनी नसेल, पण इस्लमूच्या मनात ते कित्येक वर्षं होतं.

"खाला," तो म्हणाला, "मी असं भरतो की प्रत्येक खाच एकेका घराची होईल. जेद्दूने गाण्याबरोबर खटका पुढे सरकवत न्यायचा. मागे यायचं कारणच नाही."

मिन्नातूने त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. "बोलतोस तर मोठं," ती म्हणाली आणि गेली.

भरायचं काम घरी चालायचं, कारण अर्धं काम सालकाचं होतं. सालका त्याची बायको. तीही माल्लमांचीच, कातडी उशांवर नक्षी काढण्यात तिचा हात धरणारी वस्तीत दुसरी नव्हती. इस्लमू शिवणयंत्राचं चाक फिरवायचा, आणि टेलिफोनच्या भंगारातून सोडवलेली ती बारीक तार सालकाच्या बोटांतून जायची. बोटांत मऊ बकरीच्या कातड्याचा तुकडा. जरा जोरात धरली की तुटली, सैल सोडली की गुंता. दर शंभर वेढ्यांना ती खजुराची एक बी डावीकडून उजवीकडे ठेवायची.

"घोडीजवळच्या पिकअपला चौऱ्याऐंशी बिया," इस्लमू म्हणाला. "तिथे तार कमी हलते, तिला जास्त वेढे लागतात. मधलीला अठ्ठ्याहत्तर. गळ्याजवळच्या पिकअपला शहात्तर पुरे, नाहीतर लेब्तैत घोगरं होईल."

"मला सांगू नकोस. मागच्या वेळी तूच ऐंशी केल्या होत्यास आणि ते गिऱ्हाईक म्हणालं, सर्दी झाल्यासारखं वाजतंय."

वेढे घालायच्या आधी त्याने तिसऱ्या तारेखालची चुंबकाची कांडी हलक्या हाताने ठोकून खाली बसवली. कारखान्यात ती उंच ठेवतात. पण आमची बोटं सगळा लाडीगोडीचा सूर तिसऱ्याच तारेवर ओढतात. कांडी उंच राहिली की तीच तार सगळ्यांत मोठ्याने ओरडते.

मधली गुंडाळी त्याने उलट्या दिशेने घेतली. तसं केलं की दोन पिकअप एकत्र लागल्यावर ट्यूबलाइटची गुणगुण एकमेकींना मारते. गिटारच्या पोटाला आतून त्याने चहाच्या पुड्यांतली चांदी, म्हणजे आतला चकचकीत कागद, चिकटवली. ती बाहेरची खरखर अडवते. आमच्या घरात दिवसाला तीन वेळा चहा होतो, त्यामुळे चांदीची कमतरता नव्हती.

रविवारी दुपारी तीनही पिकअप गिटारच्या अंगावरच्या प्लास्टिकच्या पट्टीवर, खटक्याशेजारी बसल्या. इस्लमूने ती पट्टी दुकानातल्या एका फुटक्या गिटारमध्ये घातली आणि वायर जोडली. खटका शेवटच्या खाचेत होता. त्याने सहज बोटं फिरवली, आणि असं लेब्तैत निघालं की त्याला वडील आठवले, वडिलांचा ट्रांझिस्टर आठवला. त्याचे डोळे भरून आले. शेंगदाण्यांच्या बाया भाजणं थांबवून, डोळे पुसत ऐकत राहिल्या. वाजवून झाल्यावर त्याने गिटार खाली ठेवलं. लेब्तैतनंतर काही वाजवायचं नसतं, हे त्याच्या हाडात होतं. इस्लमूने फुशारलेल्या छातीने पट्टी मूळ गिटारमध्ये बसवली आणि सोमवारी मिन्नातूच्या अंगणात नेऊन दिली.

अंगणात चटयांवर दहा-पंधरा माणसं होती, सगळी तयार कानांची. जेद्दूने पहिल्या खाचेत कर्र धरला. काय आवाज होता! स्वच्छ, टणक, नव्या भांड्यासारखा. मिन्नातूने मान हलवली. इस्लमूला वाटलं, आता पंखा दुकानातून काढून इथेच आणून लावावा.

मग जेद्दूने खटका दुसऱ्या खाचेत ढकलला आणि फागूला हात घातला.

आवाज गेला. म्हणजे अगदी गेला नाही, पण नाक दाबून बोलल्यासारखा किरकिरा झाला, पोट नाही, छाती नाही. ज्या घरात घोडे दौडायचे तिथे शेळी कुंथायला लागली. एकजण हसला. मिन्नातूने हात वर केला. बैठक फागूत तुटली की त्या दिवशी परत जोडत नाहीत. लोक उठले.

"माल्लम," जेद्दू म्हणाला, "तुमचा फागू दारातच आडवा झाला. खोगीर बरं होतं हो, घोडाच विसरलात."

वर त्याने इस्लमूलाच पट्टी बदलायला लावली. स्वतःच्या पिकअप काढून लास पाल्मासच्या बसवताना इस्लमूचे कान तापले होते. मंगळवारी त्या नव्या संचावर पाचही घरं वाजली, आणि लेब्तैतला सगळं अंगण रडलं असं बाजारात ऐकू आलं.

त्याआधी, सोमवारी संध्याकाळी इस्लमू घरी आला तेव्हा सालकाने भात-मासा पुढे ठेवला. त्याने हात लावला नाही.

"पडला," तो म्हणाला. "फागूत पडला."

"मग दुकानात नव्हता का पडला?"

"दुकानात छान वाजला. बाया रडल्या."

सालकाने चमचा खाली ठेवला. "कुठल्या घरात रडल्या?"

इस्लमूने ताट पुढे ओढलं.

"लेब्तैत वाजवलंस ना? सरळ शेवटचं घर? आणि मग परत फिरायचं नाही म्हणून उठलास! अरे माणसा, लेब्तैतला दाराची बिजागरीसुद्धा गोड लागते! चौऱ्याऐंशी बिया, अठ्ठ्याहत्तर बिया, माझी बोटं सोलली, आणि तू एक खाच ऐकून गिटार उचललंस?"

"खाचा मागे कशा नेणार? मी लेब्तैतमध्ये होतो."

"दुकानात होतास! पंख्यापुढे!"

त्याला राग आला, मग हसू आलं, आणि हसता हसता तो एकदम थांबला. त्याने गुंडाळी उलटी घेतली होती. पण चुंबक? मधलीच्या चुंबकाचं तोंडही उलटं करावं लागतं. ते न करता दोन पिकअप एकत्र लावल्या की त्या एकमेकींना साथ देत नाहीत, एकमेकींचा आवाज खाऊन टाकतात. फागूत तेच झालं होतं, आणि बैठक पुढे गेली असती तर पांढऱ्या घरातही तेच झालं असतं. आयुष्यभर हे काम केलेल्या माणसाने ही चूक केली होती. त्याने कपाळावर हात मारून घेतला.

मंगळवारी त्याने जुन्या भोंग्यांतले दोन थोराड चुंबक काढले आणि मधली पिकअप त्यांच्यामधून हळूहळू ओढली. एकही वेढा न सोडता सहाही कांड्यांची तोंडं फिरली. पट्टी फुटक्या गिटारमध्ये गेली. या वेळी त्याने दार लावलं, सालकाला समोर बसवलं आणि पहिल्या खाचेपासून सुरुवात केली. कर्र, फागू, काळं, पांढरं, लेब्तैत. तो काही भाट नव्हता, बोटं अडखळत होती, पण प्रत्येक खाच आपापल्या घरात जाऊन बसली.

सालकाने उठून दार उघडलं. मग म्हणाली, "फागूत मला माझे वडील उभे दिसले. जा तिच्याकडे."

बुधवारी तो मिन्नातूच्या अंगणात गेला. पहिला चहा होईपर्यंत कुणी विषय काढला नाही. दुसऱ्या चहाला जेद्दू म्हणाला, "आता कशाला आलात? उद्या लग्न. नवा संच बसलाय, सगळं अंगण रडलं."

"लेब्तैतला रडलं," मिन्नातू म्हणाली. "लेब्तैतला रडायला काय लागतं? तुझी ती तिसरी तार माझ्या आवाजाआधी दारात येऊन उभी राहते. मी तोंड उघडते आणि ती आधीच किंचाळून मोकळी." ती इस्लमूकडे वळली. "चूक कुठे होती?"

"माझी होती, खाला. चुंबक फिरवायचा राहिला. आणि मी फक्त लेब्तैत ऐकून उठलो."

जेद्दू खो खो हसला. मिन्नातू हसली नाही.

"आता ऐकलंस? पाचही?"

"पाचही."

"क्रमाने?"

"क्रमाने. सालकाने ऐकलं."

मिन्नातूने पेला खाली ठेवला. "आता बसव. वाजवायचं मात्र नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी या घरात तार छेडत नाहीत, माझ्या आईची रीत आहे. उद्या तंबूतच काय ते कळेल. आणि नीट ऐक, माल्लम. उद्या चारशे माणसं असतील. फागूत पुन्हा पडलास तर मी थांबणार नाही. तिथल्या तिथे तुझं नाव घेईन, आणि असं घेईन की तुझी नातवंडंसुद्धा आजोबाचं नाव सांगताना अडखळतील."

आयुष्यभर आपल्या घराण्याचं नाव कुणी गावं असं इस्लमूला वाटत आलं होतं, आणि आता ते गायलं जायची शक्यता होती तर अशी. तो म्हणाला, "बसवतो." सोल्डरचे दोन्ही टाके एका दमात लागले.

लग्नाला जायचं तर अंगावर धड काही हवं. त्याच्या दर्र्यावर, म्हणजे वरून घालायच्या झग्यावर, जागोजागी सोल्डरची छिद्रं होती. सालकाने भावाकडे त्याचा निळा दर्रा मागितला. हा भाऊ, बुयागी, जकातीच्या कचेरीत कारकून, कपड्यांच्या बाबतीत भलताच नाजूक. तो लांब-रुंद झगा त्याने इस्लमूच्या खांद्यावर ठेवताना सात वेळा बजावलं.

"बाजूला बसायचं. चहा सांडायचा नाही. बाह्या खांद्यावर घ्यायच्या, ओढत चालायचं नाही. ईदला शिवलाय, इस्लमू. एकदाच घातलाय."

"जीव गेला तरी डाग पडू देणार नाही," इस्लमू म्हणाला.

तंबू मोठा होता. दुपारच्या नमाजानंतर, उन्हं उतरायला लागली तेव्हा माणसं जमली. एका बाजूला पुरुष, एका बाजूला अंगभर गुंडाळायचा मेल्हफा नेसलेल्या बायका. बाहेर जनरेटर धडधडत होता. इस्लमू पार मागे, कनातीला टेकून बसला. बायकांच्या बाजूला सालका दिसत होती. ती त्याच्याकडे न बघता सरळ खटक्याकडे बघत होती.

जेद्दूने कर्र धरला. देवाचं नाव, पैगंबराची स्तुती, नवरीला आशीर्वाद. मिन्नातूचा आवाज वर चढला आणि तिसरी तार गुणी सुनेसारखी दोन पावलं मागे राहिली. वेळ भराभर गेला. मग जेद्दूचा हात खटक्याकडे गेला. कनातीचा दोर इस्लमूने मुठीत घट्ट धरला.

खट्.

फागू उभा राहिला. भरल्या छातीचा, कडक, आणि त्याच्या मागे गुणगुणीचा कणही नाही. जनरेटर बाहेर आपला बडबडत राहिला, त्याला कुणी आत घेतलं नाही. पुरुष गुडघ्यांवर उठून बसले. जेद्दूने स्वतःच्याच गिटारकडे असं पाहिलं, जसं ते त्याला आज पहिल्यांदाच भेटत होतं. मिन्नातूने नवरदेवाच्या घराण्याचं नाव घेतलं, मग नवरीच्या. पूर्वजांच्या लढाया आल्या, विहिरी आल्या, घोडे आले. घोड्यांवरची खोगिरं आली.

आणि खोगिरापाशी ती थांबली.

"खोगीर घडवलं अलीने," ती गायली.

तंबूत क्षणभर कुणाला समजलं नाही. इस्लमूला समजलं, आणि त्याला वाटलं आता जमीन फाटावी. फागूत काही चुकलं का? त्याने तर काही ऐकलं नव्हतं!

"अली माल्लमने खोगीर घडवलं, म्हणून तुमचे आजोबा घोड्यावर टिकले. अलीच्या नातवाने, इस्लमूने, आज फागूला पाठीवर घेतलं, म्हणून तुम्ही उठून बसलात. आणि त्याची तार धरली सालकाने, जिच्या बोटांतून हजारो वेढे गेले आणि एक तुटला नाही. ऐका, थोर घराण्यांनो! आज मी हातांचं नाव घेते!"

बायकांच्या बाजूने ललकारी उठली. पहिली कुणाची हे इस्लमूला न बघताही कळलं. चारशे माणसं मागे वळून कनातीकडे बघत होती. माल्लमच्या नावाने फागू! असं कुणी ऐकलं होतं? पण मिन्नातूने नाव घेतलं होतं, आणि मिन्नातूने घेतलेलं नाव परत होत नाही.

आता पुढचं सगळ्यांना ठाऊक होतं. फागूत ज्याचं नाव निघतं त्याने बसून राहायचं नसतं. थोर लोक उंट देतात, घोडी देतात, नोटा उधळतात. इस्लमूने खिसा चाचपला. खिशात सोल्डरच्या तारेचं वेटोळं आणि एक पेचकस होता. सगळे वाट बघत होते. जेद्दू तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत त्याला वेळ देत होता.

इस्लमू उठला. माणसांमधून वाट काढत सरळ पुढे गेला. बाह्या खांद्यावर घ्यायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही, निळा दर्रा चटयांवरून, चहाच्या पेल्यांवरून ओढत आला. मिन्नातूसमोर उभं राहून त्याने तो डोक्यावरून काढला आणि तिच्या पायांवर पसरला. खाली साधा बनियन आणि पायजमा, पायजम्यावर सोल्डरची सात-आठ छिद्रं. तसाच तो मान ताठ ठेवून उभा राहिला. आजोबांच्या नावाने उंट दिला असता तरी याहून ताठ उभा राहिला नसता.

मिन्नातूने दर्रा उचलून खांद्यावर घेतला. जेद्दूने इस्लमूकडे बघून मान लववली, आणि मग खटका तिसऱ्या खाचेत गेला.

मावळतीला लेब्तैत संपलं, लोक डोळे पुसत निघाले. तंबूच्या दारात बुयागी बहिणीला न्यायला आला होता. बनियनमधला मेहुणा बघून त्याचा चेहरा पांढरा पडला.

"सालका, माझा दर्रा कुठाय?"

सालकाने नवऱ्याचा हात धरला. माणसांदेखत असा हात तिने कधी धरला नव्हता.

"फागूत गेला," ती म्हणाली, आणि दोघं पुढे चालू लागली.